तंबोरा आणि हजेरीपट

13 जानेवारी 2024 ला प्रभाताई अत्रे गेल्या. पुढचे आठ-पंधरा दिवस त्यांच्याबद्दल भरभरून छापून येत होतं. किराणा घराणं, मारूबिहाग आणि कलावतीच्या ध्वनिमुद्रिका, पद्मश्रीपासून पद्मविभूषणपर्यंतचे तीन पुरस्कार, नव्वदी ओलांडल्यावरही सुरेल राहिलेला आवाज. या मजकुरात कुठेतरी मध्येच एक वाक्य यायचं: मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात 1979 ते 1992 या काळात त्या संगीताच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख होत्या. एवढं सांगून लेखक पुन्हा मैफिलीत जाऊन बसायचा.

मला त्या एका वाक्यात जास्त रस आहे. मी काही मैफिलीची गायिका नव्हे. बार्शीत माझा गाण्याचा क्लास होता आणि गांधर्वच्या परीक्षांचं केंद्र मी बरीच वर्षं सांभाळलं. फॉर्म भरून घेणं, फी गोळा करणं, परीक्षकांची उतरण्याची सोय, तबलजीचं मानधन, दोन्ही तंबोऱ्यांच्या तारा आदल्या दिवशी तपासून ठेवणं, ही माझी संगीतसेवा. त्यामुळे एखादी बाई तेरा वर्षं विद्यापीठाचा संगीत विभाग चालवते म्हणजे काय करते, याचा अंदाज मला मृत्युलेख लिहिणाऱ्यांपेक्षा बरा आहे. आणि बाईमाणसाला त्या खुर्चीपर्यंत पोचायला आपल्याकडे किती काळ लागला, याचा इतिहास मैफिलीच्या इतिहासाइतकाच रंजक आहे, असं माझं मत आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाणाऱ्या बाईला दोनच जागा होत्या. एक तर ती कलावंतीण, नाहीतर देवघरापुढे हलक्या आवाजात भजन म्हणणारी घरातली बाई. गोव्याहून मुंबईला आलेल्या कितीतरी थोर गायिकांनी पहिली जागा आपल्या गाण्याच्या बळावर उजळली, पण समाजाच्या नजरेत ती जागा तशीच राहिली. तिसरी जागा निर्माण केली ती शाळेनं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं, 1908 मध्ये मुंबईत आणलं. ठरलेली वेळ, ठरलेली फी, छापील पुस्तक, इयत्ता आणि परीक्षा. आज हे सगळं कोरडं वाटतं. पण मुलीला गाणं शिकायला पाठवायचं तर आई-बापाला हेच हवं होतं. उस्तादांच्या घरी मुलगी पाठवायला जो बाप तयार नव्हता, तो 'संध्याकाळी पाच ते सहा, विद्यालयात' म्हटलं की तयार व्हायचा. घड्याळानं आणि हजेरीपटानं मुलींसाठी जे केलं ते मोठमोठ्या व्याख्यानांनी केलं नाही.

तिकडे भातखंडे बंदिशी गोळा करून त्यांच्या स्वरलिपी छापत होते. 1916 मध्ये बडोद्याला त्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं. योगायोग असा की परिषद भरली त्याच 1916 साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठाची सुरुवात केली. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा. 1920 मध्ये ठाकरसींची देणगी मिळाली, 1936 मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठाणं पुण्याहून मुंबईला गेलं आणि 1951 मध्ये त्याला कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संगीताचं शिक्षण आणि स्त्रियांचं शिक्षण अशा दोन वाटा एकाच वर्षी निघाल्या आणि पुढे साठेक वर्षांनी प्रभाताईंच्या खुर्चीपाशी एकत्र आल्या, असं म्हणता येईल.

मधल्या काळात हिराबाई बडोदेकर नसत्या तर मात्र ही वाट इतकी सरळ झाली नसती. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. 1922 मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. पुढे थोरल्या सुरेशबाबूंसह या भावंडांनी स्वतःचं संगीत विद्यालय आणि नाटक मंडळी चालवली. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या. साधं नऊवारी, डोक्यावर पदर, हातवारे नाहीत, अदा नाही. श्रोत्यांसमोर बाई बसली आहे ती फक्त गाण्यासाठी, हे त्यांनी नुसत्या बसण्यातून सांगितलं. 'गानहिरा' ही उपाधी लोकांना आठवते. पण घरंदाज बायका ज्या मैफिलीला नवऱ्याबरोबर बिनदिक्कत येऊन बसू लागल्या ती मैफल हिराबाईंची होती, हे मला उपाधीपेक्षा मोठं वाटतं.

तरीही दार पूर्ण उघडलं नव्हतंच. 1946 मध्ये सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, तेव्हा ज्यांचं खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना रेडिओची दारं बंद करण्यात आली. म्हणजे गळा कसा आहे हे ऐकण्याआधी घर कोणतं हे विचारलं जाणार. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री झाले. हे पुण्याचे. त्यांनी गायकांची श्रेणी ठरवण्यासाठी ऑडिशनची पद्धत बसवली आणि भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे तिची सूत्रं दिली. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी परीक्षेला का बसायचं, म्हणून उस्तादमंडळी चिडली, मोठा गदारोळ झाला. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण या व्यवस्थेची दुसरीही बाजू आहे. श्रेणी कागदावर आली की पात्रता कागदावर येते, आणि पात्रता कागदावर आली की बाईला नोकरीचा अर्ज करता येतो.

सुमतीताई मुटाटकर त्याच वाटेनं गेल्या. 1916 मध्ये बालाघाटला मराठी घरात जन्म. गाणं राजाभैया पूछवाले आणि रातंजनकर यांच्याकडे, मॅरिस कॉलेजच्या परंपरेत. संगीतात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. 1953 मध्ये त्या आकाशवाणीच्या संगीत विभागात अधिकारी म्हणून दाखल झाल्या आणि पुढे दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विद्याशाखेच्या अधिष्ठाता झाल्या. गायिका म्हणून त्या ध्रुपद-धमार आणि ख्याल दोन्ही गात. महाराष्ट्रात त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? माझ्याकडे विशारदला बसलेल्या मुलींना मी विचारायची तर बहुतेकींना माहीत नसायचं. मैफलीत गाजलेल्या बाईचं नाव घरोघरी जातं. जिनं अभ्यासक्रम बसवले, नेमणुका केल्या, प्रबंध तपासले, तिचं नाव फायलीत राहतं.

संगीताची विद्यापीठीय घडी स्वातंत्र्यानंतर झपाट्यानं बसली. 1950 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात ओंकारनाथ ठाकुरांच्या हाताखाली संगीत महाविद्यालय सुरू झालं. 1956 मध्ये खैरागढच्या राजघराण्यानं आपला राजवाडा देऊन मुलीच्या, इंदिरेच्या, नावानं संगीत विद्यापीठच उभं केलं. पुढे 1985 मध्ये त्याच खैरागढच्या कुलगुरू म्हणून संगीतशास्त्रज्ञ प्रेमलता शर्मा आल्या. म्हणजे जिथे मुलीला गाणं शिकवावं की नाही यावर घरोघरी वाद होत, त्या देशात तीसेक वर्षांत एक बाई संगीत विद्यापीठाची कुलगुरू झाली. आपण याची मिरवणूक काढली नाही, ते सोडा.

आता प्रभाताई. 13 सप्टेंबर 1932 चा जन्म, पुण्याचा. त्याच वर्षी एप्रिलात किशोरीताई आमोणकरांचा जन्म झालेला. किशोरीताईंना गाणं आईकडून, मोगूबाई कुर्डीकरांकडून, आपसूक आलं. प्रभाताईंच्या घरात तसं काही नव्हतं. वडील आबासाहेब शाळेचे मुख्याध्यापक, आई इंदिराबाई. आईची तब्येत बरी नसायची, मन रमेल म्हणून कुणी तरी गाणं शिकायला सुचवलं. आईनं काही धडे घेऊन सोडून दिले, आठ वर्षांच्या मुलीनं ते धरून ठेवले. पुढे सुरेशबाबू मान्यांकडे आणि हिराबाईंकडे तालीम. त्याच जोडीला फर्ग्युसनमधून विज्ञानाची पदवी, मग कायद्याची पदवी. संगीत नाटकांत कामंही केली. मुख्याध्यापकाच्या घरात वाढलेल्या मुलीला वेळापत्रकाची भीती वाटत नसणार, असं मला उगाचच वाटत आलं आहे.

1960 च्या सुमारास त्या आकाशवाणीवर साहाय्यक निर्मात्या म्हणून लागल्या, आधी नागपूर आणि मग मुंबई. या नोकरीला लोक 'मधली दहा वर्षं' म्हणून बाजूला सारतात. मी तसं म्हणणार नाही. रेडिओवर मिनिटाला किंमत असते. दहा मिनिटांत राग उभा करायचा तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कलाकाराला समजावून सांगावं लागतं. करार, ध्वनिमुद्रण, साथीदारांची वेळ, कुणाचा रुसवा, कुणाचा खोकला, हे सगळं निर्मात्याच्या टेबलावर. शिवाय नियमही विचित्र: घरोघरच्या क्लासात पेटीशिवाय पान हलत नव्हतं आणि रेडिओवर मात्र 1940 पासून पेटीला बंदी. ती उठली 1971 मध्ये. कलाकार असून कचेरी सांभाळायची सवय ज्याला लागली त्यालाच पुढे विभाग सांभाळता येतो.

मग 1979 साली महिला विद्यापीठ. संगीत विभागाच्या प्रमुखाला काय करावं लागतं ते सांगते. अभ्यास मंडळाच्या बैठका, पेपर सेट करणं, बाहेरचे परीक्षक बोलावणं, प्रबंधांचं मार्गदर्शन, तबल्याच्या साथीदाराची जागा मंजूर करून घेण्यासाठी पत्रव्यवहार. साथीदार ही काय चैनीची वस्तू आहे का, असा प्रश्न हिशेबखात्याला कायम पडलेला असतो. या सगळ्याच्या वर एक मूळ अडचण, जिच्यावर कुठलंही परिपत्रक चालत नाही: तासिका.

हिशेब करून बघा. विलंबित एकतालाच्या मात्रा बारा. एका मात्रेला चार सेकंद धरले तर एक आवर्तन 48 सेकंदांचं. तास पंचेचाळीस मिनिटांचा. तंबोरे लावण्यात आणि हजेरीत दहा मिनिटं गेली. उरली पस्तीस. वर्गात आठ मुली असतील तर एकीच्या वाट्याला चार मिनिटं, म्हणजे पाच आवर्तनं. पाच आवर्तनांत मुलगी समेवर यायला शिकेल की आलाप करायला? गुरूच्या घरी सकाळी चार तास नुसता षड्ज लावत बसलेल्या माणसाला हे पोरकट वाटेल. वाटू दे. पण ज्या मुलीला चार तास देणारा गुरू कधी मिळणारच नव्हता, तिला पाच आवर्तनं मिळाली, हाही हिशेब मांडला पाहिजे. म्हणून विद्यापीठातल्या शिक्षिकेला शिकवण्याची रीतच बदलावी लागते. गळ्यातून गळ्यात जे जातं ते शब्दांत सांगता आलं पाहिजे, रागाचं चलन फळ्यावर मांडता आलं पाहिजे, एकीची चूक आठ जणींना ऐकवून समजावता आली पाहिजे.

महिला विद्यापीठाचा एक फायदा मात्र कुणी लिहीत नाही. पुरुष साधारण काळी एक, काळी दोन या पट्टीत गातात. बायका काळी चार, काळी पाच. काळी एकमध्ये गाणाऱ्या गुरुजींचा पंचम तोच काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा षड्ज. पुरुष गुरूकडे शिकताना मुलगी एक तर त्यांच्या पट्टीत खाली घशात गाते, नाहीतर त्यांच्या पंचमाला षड्ज मानून मनातल्या मनात सगळं हलवत राहते. माझ्या क्लासात मुलगे-मुली एकत्र असत, तेव्हा एकाच तासाला तंबोरा दोनदा उतरवायचा आणि चढवायचा हा रोजचा उद्योग. खुंट्या सैल व्हायच्या, मुलं कंटाळायची. सगळा वर्ग मुलींचा आणि शिकवणारीही बाई असेल तर एकाच पट्टीत तंबोरा लावून तासभर बसता येतं. शिक्षिकेचा आवाज आणि विद्यार्थिनीचा आवाज एकाच उंचीवर असतो. तार षड्जाला बाईचा आवाज कुठून लावायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे बाई बाईला गाऊन दाखवते. स्त्रियांसाठी वेगळं विद्यापीठ कशाला, असं हल्ली विचारतात. तंबोऱ्यानं त्याचं एक उत्तर दिलेलं आहे.

प्रभाताईंमधली शिक्षिका आणि गायिका वेगळ्या काढता येत नाहीत, याचा पुरावा त्यांच्या सरगममध्ये आहे. ख्यालात सरगम घ्यावी की नाही यावर जाणकारांत भांडणं होती. सरगम ही वर्गात स्वरज्ञानासाठी घोकायची गोष्ट, ती मैफलीत कशाला, असा आक्षेप. अब्दुल करीम खाँसाहेब सरगम गात, पण त्याला शास्त्राची बैठक कुणी तरी द्यायला हवी होती. प्रभाताईंनी सरगम नुसती गायली नाही, तिच्यावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. टीकेला उत्तर म्हणून प्रबंध लिहिणं हे गवयाचं लक्षण नव्हे, मास्तरणीचं आहे. रागांच्या वेळेचा नियमही त्यांनी असाच तपासायला घेतला आणि तो संकेत आहे, निसर्गनियम नव्हे, असं स्पष्ट मांडलं. सकाळचा राग रात्री शिकवावा लागणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला हे पटावं. विद्यापीठाचा तास दुपारी दोनला असतो आणि भैरव अभ्यासक्रमात असतो.

त्यांची 'स्वरमयी', 'सुस्वराली' ही पुस्तकं मराठीत आहेत. 'स्वरमयी'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. स्वतः रचलेल्या बंदिशी त्यांनी 'स्वरांगिनी' आणि 'स्वररंजनी'तून स्वरलिपीसह छापल्या. ज्या परंपरेत उस्ताद आपली खास चीज जावयालाही देत नसत, तिथे स्वतःच्या बंदिशी उघड छापून टाकणं ही लहान गोष्ट नाही. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे राग बांधले तेही समजावून सांगत. पाश्चात्त्य देशांतल्या विद्यापीठांतही त्यांनी शिकवलं. 2000 साली स्वतःच्या नावाची संस्था काढून पुण्यात गुरुकुल चालवलं. ते निवृत्तीनंतरचं काम. विद्यापीठात तासिका आणि गुरुकुलात सहवास, या दोन्ही गोष्टी लागतात, हे त्यांनी करून दाखवलं.

विद्यापीठांवर एक आरोप ठरलेला आहे: इतक्या पदव्या वाटल्या, कलाकार किती निघाले? हा आरोप मी परीक्षकांच्या तोंडून चहाच्या कपागणिक ऐकला आहे. माझं उत्तर असं. वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेला प्रत्येक जण धन्वंतरी होतो का? संगीत विभागांतून शाळांना शिक्षिका मिळाल्या, रेडिओला निवेदिका आणि निर्मात्या मिळाल्या, परीक्षा मंडळांना परीक्षक मिळाले आणि सभागृहांना समजून ऐकणाऱ्या बायका मिळाल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाईला गाण्याचा पगार मिळाला. बिदागी आज आहे, उद्या नाही; ती देणाऱ्याच्या मर्जीवर. पगार पहिल्या तारखेला होतो, त्याला भविष्य निर्वाह निधी असतो, निवृत्तिवेतन असतं. शंभर वर्षांपूर्वी गाणाऱ्या बाईला म्हातारपणी काय, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर घराण्यांनी दिलं नाही, संस्थांनी दिलं.

या संस्थाही आता थकल्या आहेत. निवृत्त झालेल्या शिक्षिकेची जागा भरली जात नाही, तासिका तत्त्वावर नेमलेल्या मुली दोन कॉलेजांत धावपळ करत शिकवतात. अशा मुली माझ्याच हाताखालून गेल्या आहेत. शंभर वर्षांनी मिळालेली खुर्ची अशी रिकामी ठेवणं परवडणारं नाही, आणि हे सांगायला गायिकाच असायला हवं असं नाही.

शेवटी एक विनंती. मैफिलींची ध्वनिमुद्रणं लोक जपतात. पण क्लासांचे हजेरीपट, जुने अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, परीक्षा केंद्रांची रजिस्टरं, पहिल्या वर्षी कोणत्या घरांतल्या मुली गाणं शिकायला आल्या त्याच्या याद्या, हे सगळं दर दिवाळीला रद्दीत जातं. गाणाऱ्या बाईची शिक्षिका कशी झाली याचा खरा इतिहास त्याच कागदांत आहे. तुमच्या गावात एखाद्या बाईंचा जुना क्लास असेल, तर त्यांच्याकडे जा, ते कागद मागून घ्या आणि गावच्या वाचनालयात नीट नोंद करून ठेवा.